दादाच्या बाजूची काच

२ एप्रिल, गुरुवार

ही वही फुंक्या मिस्त्रीच्या हुकमावरून. "इंजिनाच्या तापाचा काटा कुठल्या वळणावर किती चढला ते रोज लिहायचं," म्हणाला, "तुझ्या तोंडी सांगण्यावर माझा काडीचा भरवसा नाही." कुठलाही पार्ट बसवण्याआधी तो त्यावर फुंकर मारतो, अगदी नवा कोरा असला तरी. म्हणून फुंक्या. गाड्यांचं मात्र त्याला कळतं.

तर आजचं. खाणीवर ट्रकमध्ये चुन्याची पावडर भरली, नऊला निघालो. घाटात सातव्या वळणावर काटा लाल पट्टीत. गाडी बाजूला घ्यायलाही जागा नव्हती. पाऊण तास मागे रांग आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. खाणीच्या मुकादमाने संध्याकाळी बोलावून सांगितलं, पुन्हा एकदा घाट अडवलास तर दुसरी गाडी लावतो. वीस वर्षं त्याच घाटात घासतोय आणि हा मला दुसरी गाडी दाखवतो.

मिस्त्रीने खाली डोकं घालून पाहिलं. इंजिनाला हवा नेणारी नळी तुटली आहे, त्यामुळे इंजिन आपल्याच अंगची गरम हवा परत ओढतंय. "तोंडावर गोधडी घेऊन जिना चढ म्हटलं तर चढशील का?" उपाय म्हणजे केबिनच्या मागून नळी थेट टपाच्या वर न्यायची, तिथे हवा गार असते. पण तसा वाकवलेल्या नळीचा बाक बनवून यायला तीन आठवडे. जाता जाता हेही म्हणाला की धुराच्या पाइपाला भेग आहे, केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणाच्या अगदी खाली, आधी तिला वेल्डिंग मारून घे. म्हटलं, गाडी दोनदा कशाला उभी करू, बाक आला की एकदमच करू.

४ एप्रिल, शनिवार

तीन आठवडे थांबायला मी काय रिकामा आहे? आज डोक्यात प्रकाश पडला. या गाडीत सगळ्यात गार जागा कुठली? केबिन! लेकीने दिवाळखोर बापाला शोभणार नाही असा छान एसी बसवून दिलाय. सगळ्यात स्वच्छ जागाही तीच, कारण माझ्या केबिनमध्ये धुळीचा कण सापडला तर दाखवा. काचा कायम बंद. धुळीशी माझं जन्माचं वैर आहे.

सीटच्या मागे झोपायची फळी आहे, पडदा लावलेली. ती दादाची फळी. माझा थोरला भाऊ सतरा वर्षं माझ्या शेजारी बसला, आळीपाळीने गाडी चालवली. लग्न केलं नाही, जेवण माझ्या घरी, झोप गाडीत. तीन वर्षांपूर्वी त्या फळीवरच झोपेत गेला. आता तिथे कोणी झोपत नाही. मग फळीच्या उशाकडे पत्र्याला भोक पाडायचं, जाड रबरी नळी बसवायची आणि मागून फिल्टरला जोडायची, इतकं सरळ आहे.

मिस्त्रीला फोनवर सांगितलं तर तो खवळलाच. "माणसाच्या खोलीतली हवा इंजिनाला देतोस? इंजिन केवढं ओढतं माहितेय? तू काचा लावून बसलास तर ते कुठून ना कुठून ओढणारच!"

"कुठून?"

"जिथे फट असेल तिथून. मला विचारशील तर करू नकोस."

मी नाही विचारलं. संध्याकाळी अंगणातच भोक पाडलं, दोन क्लॅम्प आवळले. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "दादांच्या उशाशी भोक पाडलंत?" मी म्हटलं, दादा असता तर त्यानेच ड्रिल धरलं असतं.

७ एप्रिल, मंगळवार

सातवं वळण: काटा निम्म्यावर. अकरावं: निम्म्यावर. माथा: निम्म्याच्या एक रेघ वर!! गाडी अशी चढली की मला खाली उतरून तिची पाठ थोपटावीशी वाटली. मुकादमाला मुद्दाम हॉर्न वाजवून दाखवला.

एक गंमत. ॲक्सिलरेटर दाबला की मागचा पडदा आत ओढला जातो, सोडला की परत येतो. चढावर सावकाश आत, बाहेर, आत, बाहेर. आरशात दिसतं. पडद्याआड कोणी झोपून श्वास घेतंय असंच वाटावं. हवेचा ओढा आहे, कळतं मला. तरी चारदा मागे वळून पाहिलं.

८ एप्रिल, बुधवार

काटा निम्मा. खाली उतरायला गेलो तर दार उघडेना. आतून कोणी धरून ठेवावं तसं. खांदा लावला तेव्हा फस्सकन आवाज होऊन उघडलं. कानात दडेही बसतात. डोकं जरा जड आहे, चष्म्याचा नंबर वाढला असणार.

११ एप्रिल, शनिवार

दोन खेपा. आज शीळ ऐकू आली.

आधी वाटलं, नळीच्या तोंडाशी वारा वाजतोय. वाजत असेलही. पण दादाच्या पुढच्या दोन दातांत फट होती आणि चढावर गिअर बदलताना तो त्या फटीतून शीळ घालायचा, सूर असा नाही, नुसती हवा. तीच. नेमकी गिअर बदलताना. मी रेडिओ बंद केला. काचा लावलेल्या, एसी चालू, बाहेरचा आवाज नाही. माथ्यापर्यंत ऐकत गेलो.

डोळ्यांत पाणी आलं हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही मिस्त्रीला मी थोडीच पूर्ण दाखवणार आहे. त्याला पाहिजे ते आकडे वेगळ्या चिठ्ठीवर देईन.

१४ एप्रिल, मंगळवार

काटा निम्म्याच्या दोन रेघा वर. इंजिनाचा जोरही थोडा कमी वाटला. धूर काळा पडतोय असं मागच्या गाडीवाल्याने ओरडून सांगितलं.

खाणीवर माल भरताना एक चिमणी केबिनमध्ये शिरली होती. मला ती घाट चढून गेल्यावर दिसली, दादाच्या फळीवर, नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पाय वर करून. ऊन लागलं असेल. पण केबिन तर गार होती. रस्त्याच्या कडेला खड्डा करून ठेवली. ओंजळीत काहीच वजन नव्हतं तिचं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "तुमच्या कपड्यांना धुराचा वास येतोय." गेल्या वर्षीच्या तापापासून मला कसलाच वास येत नाही, दूध नासलंय का हेही हिलाच विचारावं लागतं. म्हटलं, ट्रकवाल्याच्या कपड्यांना काय अत्तराचा वास येणार? मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पण चेहऱ्यावर तजेला आलाय हो. गाल बघा कसे लाल झालेत." या वयात बायकोकडून असं ऐकायला मिळालं म्हणजे गाडीचा बदल मलाही मानवला म्हणायचा.

१६ एप्रिल, गुरुवार

काटा बघायचा राहिला.

आज तो बोलला. बाराव्या वळणावर, अगदी कानामागे, झोपेतून उठल्यावर त्याचा आवाज असायचा तसा जाडसर: "काच घे की रे खाली."

मी गाडी थांबवली नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. पण खरं सांगतो, भीती अशी वाटली नाही. तीन वर्षांनी कोणी "रे" म्हटलं मला. आई गेली, दादा गेला, आता "रे" म्हणणारं घरात कोणी उरलेलं नाही.

काचेवरून आमचं रोज वाजायचं. दादाला त्याच्या बाजूची काच हातभर खाली लागायची, चांगला आडदांड गडी, कोपर बाहेर टेकवून बसायचा. सगळा चुना आत! त्या काचेचं हँडल सहा वर्षांपूर्वी तुटलं. मी मुद्दाम नवीन आणलं नाही, म्हटलं आता तरी बंद राहील. तर हा बाबा पक्कड घेऊन आला आणि हँडलच्या उरलेल्या खुंटीला लावून फिरवायला लागला. ती पक्कड अजून त्या दाराच्या कप्प्यात आहे, मूठ लाल फडक्याने गुंडाळलेली. तो गेल्यापासून मी तिला हात लावलेला नाही.

आजही काच बंदच ठेवली. म्हटलं, दादा, धूळ येते.

१९ एप्रिल, रविवार

सुट्टी. दिवसभर डोकं दुखलं नाही, मळमळलं नाही, आणि करमलंही नाही. जेवण झाल्यावर अंगणात जाऊन केबिनमध्ये बसलो. काहीच नाही. शीळ नाही, पडदा गप्प. मग इंजिन चालू केलं, काचा लावल्या. दहा-पंधरा मिनिटांत तो आला. आला म्हणजे दिसत नाही, पण शेजारची सीट भरलेली आहे हे कळतं.

म्हणजे गाडी चालू आणि काचा बंद असल्या तरच येतो. उघड्यावर तो टिकत नसेल. मग तीच काच उघड म्हणून का सांगतो, हे काही उमगत नाही. त्याचा मूळ हट्टी स्वभाव, दुसरं काय.

हिने येऊन काचेवर टकटक केली तेव्हा चार वाजले होते. मला वाटत होतं, अर्धा तास झाला असेल.

२१ एप्रिल, मंगळवार

मिस्त्रीचा फोन. बाक तयार आहे, गाडी घेऊन ये. त्याला सांगितलं, या आठवड्यात जमत नाही.

जमलं असतं. पण नळी टपावर गेली की केबिनचा संबंध संपला. मग दादा कुठे जाईल? हे कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहितो. काटा पुन्हा लाल पट्टीपर्यंत जातोय, ओकारी होते, काल आठवं वळण कधी गेलं ते मला कळलं नाही, एकदम नववंच आलं. तरीही मला ही नळी काढायची नाही.

२२ एप्रिल, बुधवार

हिचं निराळंच निघालं. लेकीने घाटापलीकडच्या गावात नवीन घर घेतलंय, बघायला जायचंय, आणि बसने हिला लागतं. "तुमच्याच गाडीतून येते," म्हणाली, "मागे फळी आहेच की पडायला."

दादाच्या फळीवर? आधी नको म्हणणार होतो. मग वाटलं, बरंच आहे. तिलाही ऐकू आला तर माझं डोकं फिरलेलं नाही हे तरी ठरेल. दादाचा तिच्यावर जीव होता. वहिनी कधी त्याने म्हटलं नसतं, धाकट्या भावाची बायको, पण ताटात पोळी पडायच्या आधी "तू जेवलीस का गं?" असं विचारायचा.

२५ एप्रिल, शनिवार

दुपारचा एक. घाटात उभा आहे.

माथ्याजवळ दरड पडली, पुढे पन्नास गाड्या. धुकं आणि बोचरा वारा, खाली चाळीस अंशांत भाजत होतो आणि इथे स्वेटर पाहिजे. हिने वाटेत दोनदा काच उघडायला लावली, धुराचा वास येतोय म्हणाली. मी बंद करून घेतली, गारठा बाधेल तिला. इंजिन चालू ठेवलंय, हीटर लावलाय. ती मागे पडली आहे. डोकं दुखतंय म्हणत होती, आता शांत झोपली.

दीड

पडदा हलतोय, अगदी हलके. उभ्या गाडीत ओढा कमी असतो. दादा आलाय. आज पहिल्यांदा दिसतो आहे, सरळ नाही, डोळ्याच्या कोपऱ्यात. माझ्याकडे बघत नाही. काचेकडे बघतोय.

हिला उठवून दाखवावं म्हणून पडदा सारला. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. गाढ झोप. आणि चेहरा काय उजळलाय, गाल गुलाबी, ओठ लाल, लग्नात होती तशी. दादाचाही चेहरा शेवटी अस्साच होता. सगळे म्हणाले होते, किती तेज आहे, पुण्यवान माणूस, झोपेत गेला.

दोन असतील

अक्षर जात नाही नीट. काच काच काच. एवढंच बोलतो. ओरडतो आता. दादा कधी ओरडला नाही माझ्यावर. बोटांनी काच बडवतो पण आवाज होत नाही. म्हटलं अरे ती झोपलीय, थंडी

हात जड आहे. मी तुझा शब्द कधी मोडला नाही दादा, काचेचा सोडून. उघडतो. पाच मिनिटं डोकं टेकतो वहीवर, मग उघ

३ मे, रविवार

आठ दिवस दवाखान्यात होतो. ही सहा दिवस. दोघंही घरी आलो आहोत. हे आधी लिहितो, कारण बाकीचं लिहायला बसायचं धाडस त्यावरच आहे.

डॉक्टर म्हणाले, धुरातला एक वायू, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात भिनतो, डोकं दुखतं, भास होतात, गाल लाल होतात आणि माणूस झोपेतच संपतो. आणखी अर्धा तास असता तर दोघंही गेलो असतो, हिचं तर निश्चित. मिस्त्री दवाखान्यात येऊन माझ्यावर ओरडला आणि मग बाहेर जाऊन रडला, असं ही सांगते. नळी केबिनमधली हवा ओढत होती, काचा बंद, मग केबिनने इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून ओढली, आणि तिथेच ती भेग. म्हणजे गाडी स्वतःचाच धूर पीत होती आणि आम्हाला पाजत होती.

वाचलो ते मागच्या गाडीच्या ड्रायव्हरमुळे. तो भेटायला आला. म्हणाला, "तुमच्या गाडीच्या डाव्या काचेतून एक जण कोपर बाहेर काढून बसला होता. बराच वेळ. म्हटलं, याला विचारावं रस्ता कधी मोकळा होतोय. जवळ आलो तर तिथे कोणी नाही. काच पूर्ण खाली, तुम्ही स्टिअरिंगवर पालथे, वहिनी मागे."

मी म्हटलं, मीच असेन. तो म्हणाला, नाही, तो अंगाने तुमच्या दुप्पट होता.

ही म्हणते, मी उठलेच नव्हते. मला वहीत लिहिलं त्यापुढचं काही आठवत नाही. खुंटीवर पक्कड लावलेली होती, लाल फडक्यासकट. भासात मीच लावली असेल. डॉक्टरांचंही तेच म्हणणं, आणि त्यांचं बरोबर असणार.

९ मे, शनिवार

मिस्त्रीने नळी टपावर नेली, पत्र्याचं भोक बुजवलं, भेगेला वेल्डिंग मारलं. प्रत्येक तुकड्यावर फुंकर मारून. घाटात आज काटा निम्म्याच्याही खाली राहिला. गार हवा पिऊन गाडी पूर्वी कधी चढली नव्हती अशी चढली. शीळ नाही, कोणी बोललं नाही.

परत आल्यावर मिस्त्रीला विचारलं, भेग किती जुनी असेल. तो जुना तुकडा उन्हात धरून बघत राहिला. काजळी नखाने खरवडली. म्हणाला, "चार वर्षं तरी. आधी बारीक असणार." मग त्याच्या लक्षात आलं की मी का विचारतोय, आणि तो हात पुसायला निघून गेला.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, खाणीवर भरायच्या रांगेत आम्ही उभे होतो. थंडी होती म्हणून इंजिन चालू, हीटर लावलेला. दादा मागे झोपला होता. त्याने झोपण्याआधी काच हातभर खाली ठेवली होती. चुन्याची धूळ आत येत होती. मी पक्कड घेतली आणि काच वर लावून घेतली. मग चहा प्यायला खाली उतरलो, तिथे गप्पा रंगल्या. दोन तासांनी आलो.

डॉक्टरांनी तेव्हा हृदय सांगितलं. मलाही तेच पटलं होतं, तीन वर्षं. काच मी लावली. माझ्या हाताने.

हिला सांगितलं. भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. मग म्हणाली, "दादा रागावले असते तर आले असते का काच उघडायला?"

तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. भास होता, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि माफी मागायला भास पुरत नाही. पण दुपारी मिस्त्रीने त्या दाराला नवीन हँडल आणून दिलं, चकचकीत, तर मी ते तसंच परत केलं. पक्कड खुंटीवरच आहे. परवा सोमवारी खाणीची खेप आहे, आणि ती काच हातभर खाली आहे.